मानेची खुंटी

“मिस्त्री, हात लावण्याआधी एक सांगा,” शांतवनकाका म्हणाले. “हा खेळ कधी बघितलाय?”

“नाही बघितला.”

“मग बसा, आणि आधी बघा. ज्याची तब्येत माहीत नाही त्याला औषध काय देणार?”

त्यांनी भिंतीवरची लांब काठी उतरवली, तिच्या टोकाला निळा खडू घासला आणि पांढऱ्या चेंडूला हलका टोला दिला. चेंडू टेबलावरच्या हिरव्यागार बनातीवरून सरळ जाऊन, समोरच्या कडेला शिवून त्यांच्या पुढ्यात परत यायला हवा होता. पण निम्म्या वाटेत तो वळला आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसला. चालता चालता दमलेलं म्हातारं माणूस कुणाच्याही ओट्यावर टेकतं, तसा.

“बघितलंत? रोज तिथंच जातो. मेंबर लोक म्हणतात, शांतवननं चेंडूला सवय लावलीय.” ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

ही ब्याऐंशी सालची गोष्ट. शिरवडीला पूर्वी गोऱ्यांची छावणी होती. छावणी गेली, क्लब राहिला, आणि क्लबात हे स्नूकरचं टेबल राहिलं. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, बनातीखाली काळ्या दगडाच्या पाच फरश्या आणि तो सगळा डोंगर पेलणारे आठ कातीव पाय. शांतवन साळवे तिथले मार्कर. खेळणाऱ्यांचे गुण मांडायचे, बनात ब्रशानं झाडायची, गरम इस्त्री फिरवून ती तुळतुळीत ठेवायची, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं ते हेच करत होते. लग्न केलं नव्हतं. हॉलच्या मागची खोली हेच घर.

मी टेबलाखाली शिरलो. तीन पायांना चिरा होत्या. दोन बारीक होत्या, पण खिडकीकडचा मधला पाय मानेपासून गुडघ्यापर्यंत उकललेला.

“हे कशानं झालं, काका?”

“दिवाळीच्या जलशात एका मेंबरला टेबलावर उभं राहून भाषण करायचं होतं. त्याच्या भाषणाला टाळ्या द्यायला आणखी पाच जण चढले.”

“खाली उतरवलं नाही?”

“मी मार्कर आहे, मिस्त्री. गुण मांडतो. अक्कल वाटत नाही.”

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. क्लबचे सेक्रेटरी अवसरे वकील. त्यांचं म्हणणं, टेबल मोडीत काढावं आणि हॉल लग्नकार्यांना द्यावा. जुने खेळणारे अडून बसले. शेवटी तोड निघाली ती अशी: पाय दुरुस्त करून घ्यायचे, आणि येत्या रविवारी सकाळपासून टेबलावर खेळ लावायचा. दिवसभर उभं राहिलं तर टेबल राहील. नाहीतर हॉल लग्नाला, आणि मागची खोली आचाऱ्यांना.

“आणि तुम्ही?”

काकांनी काठी परत भिंतीला लावली. “त्याबद्दल ठराव झालेला नाही.”

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. त्या वयात शब्द तोंडातून कसे सुटतात ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. मी म्हणालो, “काका, हे पाय माझे. टेबल उभं राहील.”

“तुम्ही मुकुंदबुवांचे शिष्य ना? मग झालं.” काकांनी माझा हात हातात घेतला. “मी देवळात येत नाही, पण बुवांचं कीर्तन क्लबच्या ओट्यावर बसून ऐकतो. तुमचा लाउडस्पीकर आमच्याकडे तोंड करूनच आहे.”

मुकुंदबुवांबद्दल सांगायला बसलो तर दिवस पुरणार नाही. माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले. बुवांनी मला वाकस धरायला शिकवलं आणि टाळही. सकाळी त्यांच्या कारखान्यात रंधा मारायचा, सणावाराला त्यांच्या मागे टाळ घेऊन उभं राहायचं, हे माझं आयुष्य. बुवा कीर्तनाला उभे राहिले की पहिल्या नमनालाच माणसं गप्प होत. आवाज मोठा नव्हता, पण असा ओला की लाकडानंही ऐकावं. आख्यान रंगात आलं, की ते मधेच मागं वळून माझ्याकडे बघत आणि मी धृपद उचलत असे. त्या एका बघण्यासाठी मी पायाला फोड येईस्तोवर उभा राहिलो असतो. राहिलोही आहे.

टेबलाचं काम मी बुवांना सांगितलं तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी स्वतः बघायला आले. धोतर सावरून टेबलाखाली बसले. प्रत्येक पायाला बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला.

“दौलू,” ते म्हणाले, “हे ब्रह्मदेशचं सागवान. शंभर वर्षांचं. असं लाकूड आता डोळ्यांना दिसायचं नाही.”

“दुरुस्त होईल ना, बुवा?”

त्यांनी आठही पाय पुन्हा मोजले. मग म्हणाले, “होईल की. का नाही होणार?”

शांतवनकाकांनी चहा आणला. बुवा बाहेरचा चहा घेत नसत. त्या दिवशी घेतला. काका मला हळूच म्हणाले, “संत माणूस.” मला अभिमानानं भरून आलं.

काम नाजूक होतं. टेबल उचलता येत नाही. ट्रकचा जॅक लावून चौकट केसभर वर घ्यायची, खाली लाकडी ठोकळे रचायचे, मग एकेक पाय सोडवायचा. चिरेत शंभर वर्षांची धूळ बसलेली. ती करवतीच्या पात्यानं खरवडून काढायची, आत कढत सरस ओतायचा, शिकंज्यात आवळायचा आणि आडवी भोकं पाडून बाभळीच्या खुंट्या ठोकायच्या. सरस हाडाकातड्याचा. तो ढवळताना मी गळ्यातली माळ पाठीमागं सरकवत असे, आणि शांतवनकाका दारात उभे राहून म्हणत, “मिस्त्री, देवाला दिसत नाही असं वाटतं का?”

“दिसतं, काका. पण वास जाऊ नये त्याला.”

प्रत्येक पायाला तीन खुंट्या. सरस चीर धरतो, पण भार पेलते ती मानेची खुंटी. पाय चौकटीला जिथं भिडतो तिथं ती बसते. ती चीर ओलांडून पलीकडच्या अंगात चार बोटं तरी रुतली पाहिजे. आणि आमच्यात रीत अशी, की जोडकामातली ही शेवटची खुंटी शिष्यानं ठोकायची नाही. ती गुरूच्या हातची. गुरू आपल्या घरून खुंटी करून आणतो, तिला हळदकुंकू लावतो, ठोकतो, डोकं छाटतो. तोवर शिष्यानं जमिनीला कपाळ टेकून राहायचं. वर बघायचं नाही. ठोक्याचा आवाज थांबला की उठायचं आणि गुरूच्या पाया पडायचं.

शनिवारी सकाळी बुवा तीन खुंट्या घेऊन आले. कुंकू लावलेल्या, पंच्यात गुंडाळलेल्या. तिन्ही पाय ओळीनं मांडलेले. मी फरशीला कपाळ टेकलं. एका पायाचे ठोके झाले, दुसऱ्याचे झाले, तिसऱ्याचे झाले. फरशी थंड होती आणि मला नुसतं हलकं हलकं वाटत होतं. उठलो तेव्हा बुवा पटाशीनं खुंटीचं डोकं साफ करून वर मेणाचा हात फिरवत होते. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जरा जास्त वेळ राहिला, एवढं मला आठवतं.

दुपारपर्यंत पाय बसवले, जॅक उतरवला. शांतवनकाकांनी पांढरा चेंडू ठेवला आणि तोच टोला दिला. चेंडू सरळ गेला, कडेला शिवला, परत आला आणि त्यांच्या पोटासमोर थांबला. काकांनी तो उचलून छातीशी धरला.

रविवारी हॉल भरला. अवसरे वकील खुर्ची टाकून बसले. बुवाही आले होते. टोप्या काढून, कोट काढून मेंबर खेळायला लागले. कुणी म्हणालं, “शांतवन, आज चेंडू सरळ जातोय, आता हरायचं कारण काय सांगायचं?” सगळे हसले. काका पाटीवर गुण मांडत होते, आणि मी बघितलं, त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता.

अकराच्या सुमारास एक जाडजूड मेंबर लांबचा टोला घ्यायला खिडकीकडच्या कडेवर ओणवे झाले. आधी एक आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. मग दुसरा. मधला पाय मानेतून उकलला, चौकट त्या बाजूला बसली आणि बनातीखाली मधली काळी फरशी तडकली. तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही आणि ऐकायचाही नाही. लाल चेंडू घरंगळत एकेक करून खाली पडले. कुणी ते उचलेना.

अवसरे वकील उठले. “हा पाय कुणी जोडला?”

मी पुढं झालो. तेवढ्यात बुवा माझ्याआधी उभे राहिले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या ओल्या आवाजात म्हणाले, “पोर आहे. घाईत सरस गार झाला असेल. चूक त्याची, पण शिष्य माझा. त्याच्या वतीनं मी आपल्या सगळ्यांची माफी मागतो.” आणि ते हात जोडून त्या सगळ्या हॉलपुढं वाकले.

सगळा हॉल विरघळला. वकीलसुद्धा “अहो बुवा, अहो बुवा” करायला लागले. मी रडत होतो. सरस गार होता का? मी आठवून आठवून बघत होतो. वाफ निघत होती. पण निघत होती ना?

शांतवनकाका पाटीजवळच उभे होते. त्यांनी ओल्या फडक्यानं गुण पुसले.

नवी फरशी कुठून आणणार? समितीनं टेबल मोडीत काढलं. बुवा म्हणाले, “आमच्या रामाला रथ नाही. लाकूड देवाच्या कामाला लागलं तर टेबलाचंही सोनं होईल.” मेंबरांना ते पटलं. लाकूड रामाला अर्पण झालं. माझ्या मनात आलं, बघा, माझ्या हातून घडलेल्या पापाचंही बुवांनी पुण्य केलं.

त्यानंतरच्या द्वादशीला सप्ताह सुटला. सकाळी काल्याचं कीर्तन बुवांचं. मी मागं टाळ धरून उभा. बुवांनी दृष्टांत घेतला: एका गुरूचा एक शिष्य होता. घाईत चुकला. लोकांनी दगड उचलले तेव्हा गुरू पुढं झाला आणि म्हणाला, मला मारा. मंडप हुंदके देत होता. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं, शिष्य कोण. बुवा मागं वळले, माझ्याकडे बघितलं, आणि मी धृपद उचललं. माझा आवाज त्या दिवशी लागला तसा पुन्हा कधी लागला नाही.

चार दिवसांनी कारखान्यात रथाचं काम सुरू झालं. रथाच्या छत्रीला आठ खांब लागणार होते. आठही पाय ओळीनं उभे केले आणि मला वाटलं, जणू मापानं करून आणले होते. सात चांगले. आठवा, तो मधला, मानेत फाटलेला. त्याची मान कापून तिथं नवा तुकडा जोडायचा म्हणून मी तो बाकावर घेतला आणि करवत लावली.

मान दोन भागांत हातात आली. खुंटी चीर ओलांडतच नव्हती.

ती अंगठ्याच्या पेराएवढी होती. भोक मी पाडलं होतं तेवढंच खोल, पलीकडच्या अंगापर्यंत गेलेलं, आणि ते रिकामं होतं. खुंटी हलू नये म्हणून तोंडाशी तिच्याभोवती भुसा आणि मेण दाबलेलं. खुंटीवरचं कुंकू अजून लाल होतं. सरस मी बघितला. तो चिरेभर पसरला होता, काचेसारखा. गार झालेला सरस दाणेदार होतो, पांढुरका. हा तसा नव्हता.

मी बाकी दोन पायांच्या माना तपासल्या. त्या खुंट्या पुऱ्या होत्या.

बुवा रथाच्या तुळईवर खडूनं रेघा मारत होते. मी त्यांच्यापुढं जाऊन तळहात उघडला. त्यांनी खुंटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खडू खाली ठेवला. मला वाटलं होतं, ते म्हणतील, हे काय? कुठं सापडलं? तसं म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. देवाशपथ ठेवला असता.

“बस, दौलू.”

“बसत नाही.”

“काठ्यांनी चेंडू ढकलणाऱ्यांचं टेबल ते. चार रिकामटेकडी माणसं. आणि इथं तीन पिढ्या रामाची मूर्ती बैलगाडीत बसवून फिरवतो आपण. आठ पाय बघितले आणि मला आठ खांब दिसले. मी काय करू?”

“मागायचं होतं.”

“मागून दिलं असतं? टेबल उभं असताना?”

“शांतवनकाकांची खोली गेली, बुवा.”

“त्याची सोय मी लावलीय. बोर्डिंगात दाराशी बसायची नोकरी. राहायला जागा. उपाशी नाही मरणार तो.”

“आणि माझं नाव?”

बुवा उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवायला आले. मी मागं सरलो. तो हात हवेतच राहिला.

“तुझं नाव अजून लहान आहे,” ते अगदी मायेनं म्हणाले. “वर्षभरात लोक विसरतील. माझं नाव गेलं तर एकटा मी जात नाही, दौलू. कीर्तन जातं. त्या मंडपात रडणाऱ्या बायका कुठं जातील? तू सांग, मी सांगून टाकतो सगळ्यांना. उद्या उभा राहतो आणि सांगतो. तू म्हण फक्त.”

आणि मला ते म्हणवेना. ते त्यांना माहीत होतं. सतरा वर्षं त्यांनी मला घडवलं होतं. कुठला जोड कुठं सुटतो आणि कुठला सुटत नाही, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

“सगळ्यांना नको,” मी म्हणालो. “पण एका माणसाला मी शब्द दिला होता. त्याला मी सांगणार.”

“सांग,” बुवा म्हणाले. त्यांनी खडू पुन्हा उचलला. ते मला अडवत नाहीत याचं मला तेव्हा नवल वाटलं. रस्ताभर मी मनात म्हणत होतो, अजून लाज आहे त्यांना.

क्लबच्या हॉलमध्ये गवंडी भिंतीला चुना देत होते. जिथं टेबल होतं तिथं फरशीवर पायांचे आठ गोल ठसे उरले होते. मागच्या खोलीत शांतवनकाका ट्रंक भरत होते. कपडे थोडे होते, पण प्रत्येक घडी इस्त्रीसारखी.

“या मिस्त्री,” ते म्हणाले. “खुर्ची दिली कुणाला तरी. खाटेवर बसा. तोंड का असं झालंय? मी तुमच्यावर रागावलेलो नाही. त्याच दिवशी सांगणार होतो, पण तुम्ही दिसला नाहीत.”

मी सगळं सांगितलं. खुंटी खाटेवर ठेवली. फाटलेल्या मानेचे दोन्ही तुकडे पोत्यातून काढून जुळवून दाखवले. खुंटी कुठपर्यंत होती, कुठपर्यंत हवी होती, रिकामं भोक, मेण, भुसा, सगळं.

काका ऐकत होते. हातातला सदरा त्यांनी खाली ठेवला नव्हता.

“म्हणजे हे बुवांनी केलं.”

“होय.”

“मुद्दाम.”

“होय, काका.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सदरा ट्रंकेत ठेवला आणि वरून हात फिरवला.

“बुवा गुरुवारी येऊन गेले इथं,” ते म्हणाले. “माहीत आहे तुम्हाला? एवढा मोठा माणूस, या खोलीत आला आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या पायावर, मिस्त्री! म्हणाले, दौलतची चूक पोटात घाला, मला लेकासारखा आहे. बोर्डिंगात स्वतः जाऊन माझं काम करून आले. जाताना म्हणाले, पोर फार मनाला लावून घेतंय. उद्या येऊन काहीबाही बोललं, माझ्यावरसुद्धा घातलं, तरी ऐकून घ्या. त्याला त्यानं बरं वाटेल.”

मी खाटेवरच्या खुंटीकडे बोट केलं.

“काका, ही खुंटी बघा. नुसती बघा हो.”

“मी मार्कर आहे. मला खुंटीतलं काय कळतं?” त्यांनी ती उचलली, माझ्या हातात दिली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली. रागानं नाही. लहान मुलाच्या हातातली वस्तू सांभाळून द्यावी, तसं. “एकतीस वर्षं खेळ बघितलाय. आपला टोला चुकला की माणूस टेबलाला नाव ठेवतो, काठीला ठेवतो. समोरच्याला ठेवतो. पण आपल्या वतीनं जो वाकला, त्याला नाव ठेवणारा अजून बघितला नव्हता.”

“काका...”

“तुमच्या हातून चूक झाली ती मी रविवारी, पाटी पुसतानाच माफ केली होती.” त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. कडी बसेना, म्हणून गुडघा टेकून दाबलं आणि तसेच, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, “हे मात्र माफ करणार नाही.”

मी थोडा वेळ थांबलो. ते वळले नाहीत. मग मी लाकडाचे तुकडे पोत्यात भरले, बाहेर आलो आणि त्यांचं दार हळूच ओढून घेतलं.